राष्ट्रपतिपदाची पाच वर्षे: कोणत्या दिवसापासून मोजावीत आणि कोठवर धरावीत

भारताच्या राष्ट्रपतींचा पदावधी किती, या प्रश्नाचे 'पाच वर्षे' हे उत्तर आठवीच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. मात्र ही पाच वर्षे नेमकी कोणत्या दिवसापासून धरायची, मुदत कोणत्या दिवशी संपली असे मानायचे, आणि एखादे राष्ट्रपती पदावर असतानाच निधन पावले तर त्यांच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला उरलेला काळ मिळतो की पूर्ण पाच वर्षे, असे पुढचे प्रश्न विचारले की उत्तर देणारे थबकतात. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी नेमके येथेच गुण गमावतात आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांतही येथेच गल्लत होते. हा हिशेब कोणालाही स्वतः करता यावा आणि त्यासाठी तयार उत्तरांच्या यादीवर विसंबून राहावे लागू नये, म्हणून त्याची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

हिशेबाला बसताना संविधानाची प्रत जवळ ठेवावी. मराठी पाठात या मुदतीसाठी 'पदावधी' हा शब्द आहे आणि तो नेमका असल्यामुळे आपणही तोच वापरू. अनुच्छेद ५६ हा या विषयाचा गाभा आहे. त्याच्या जोडीला अनुच्छेद ५७, ६०, ६१, ६२ आणि ६५ वाचले म्हणजे बहुतेक शंका मिटतात. याखेरीज राष्ट्रपतींच्या शपथविधींच्या तारखांची यादी लागेल, आणि त्यातील महत्त्वाच्या तारखा या लेखात पुढे येतीलच.

आधी शपथेची तारीख शोधा

अनुच्छेद ५६ सांगतो की राष्ट्रपती ज्या दिनांकास पद ग्रहण करतात, त्या दिनांकापासून पाच वर्षे ते पद धारण करतात. या वाक्यातील 'पद ग्रहण करतात' हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत, कारण निकालाच्या दिवसाला या मोजणीत स्थान नाही. २०२२ साली मतमोजणी २१ जुलै रोजी झाली आणि द्रौपदी मुर्मू निवडून आल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले, परंतु त्यांनी शपथ घेतली ती २५ जुलै रोजी, आणि त्यांची पाच वर्षे २५ जुलैपासूनच मोजली जातात. मधल्या चार दिवसांत त्या 'निर्वाचित राष्ट्रपती' होत्या आणि राष्ट्रपतिपद रामनाथ कोविंद यांच्याकडेच होते.

शपथेला इतके महत्त्व अनुच्छेद ६० मुळे आले आहे. राष्ट्रपतींनी पद ग्रहण करण्यापूर्वी भारताच्या सरन्यायाधीशांसमोर, आणि ते उपलब्ध नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध असलेल्या ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर शपथ घेणे आवश्यक आहे. म्हणून पदग्रहणाची तारीख हवी असेल तर शपथविधीची तारीख पाहावी. निवडणुकीची अधिसूचना, मतदान, मतमोजणी आणि विजयाची घोषणा या साऱ्या तारखा हिशेबापुरत्या बाजूला ठेवाव्यात.

पाच वर्षे पुढे जा आणि एक दिवस मागे या

शपथेची तारीख हाती आली की तिच्यात पाच कॅलेंडर वर्षे मिळवावीत आणि आलेल्या तारखेचा आदला दिवस पदावधीचा अखेरचा दिवस म्हणून घ्यावा. रामनाथ कोविंद यांनी २५ जुलै २०१७ रोजी शपथ घेतली होती, म्हणून त्यांचा पदावधी २४ जुलै २०२२ रोजी संपला. निवडणूक आयोगाने त्या वर्षीची निवडणूक जाहीर करताना हीच तारीख धरली होती. याच रीतीने मुर्मू यांचा पदावधी २४ जुलै २०२७ पर्यंत येतो.

पाच वर्षांचे दिवस करून मोजू नये. वर्ष म्हणजे कॅलेंडरचे वर्ष, आणि लीप वर्षांमुळे दिवसांची संख्या कमीजास्त होते. प्रतिभा पाटील यांच्या पदावधीत २००८ आणि २०१२ अशी दोन लीप वर्षे आल्यामुळे त्यांना १,८२७ दिवस मिळाले, तर कोविंद यांच्या पदावधीत केवळ २०२० हे एकच लीप वर्ष आल्याने त्यांचे दिवस १,८२६ भरले. पदावधी दोघांचाही सारखाच, म्हणजे पाच वर्षांचा.

येथे एक शंका हमखास निघते. बहुतेक याद्यांत 'प्रतिभा पाटील, २५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२' असे छापलेले असते, म्हणजे शेवटची तारीख २४ नसून २५ दिसते. यात कोणाचीही चूक नाही. अनुच्छेद ५६ च्या परंतुकात (मूळ नियमाला जोडलेल्या अपवादात्मक कलमात) अशी तरतूद आहे की मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद ग्रहण करीपर्यंत मावळते राष्ट्रपती पदावर राहतात. २४ जुलैच्या मध्यरात्री पाच वर्षे पूर्ण झाल्यावर २५ जुलैच्या शपथविधीपर्यंतचे जे काही तास उरतात, त्या तासांत मावळते राष्ट्रपती या परंतुकाच्या आधारे राष्ट्रपती असतात. पदावधी विचारला असेल तर २४ आणि प्रत्यक्ष पदत्याग विचारला असेल तर २५, असे उत्तर द्यावे.

मुदत मध्येच तुटली होती का, हे तपासा

पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पद रिकामे होण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत: मृत्यू, राजीनामा आणि महाभियोग. यांपैकी केवळ पहिला मार्ग आजवर प्रत्यक्षात आला आहे, तोही दोनदा. राजीनामा एकाही राष्ट्रपतींनी दिलेला नाही आणि महाभियोगाने कोणालाही पदावरून दूर केले गेलेले नाही.

राजीनामा द्यायचा झाल्यास तो राष्ट्रपतींनी स्वतःच्या सहीने उपराष्ट्रपतींना उद्देशून लिहावयाचा असतो आणि उपराष्ट्रपतींनी ती गोष्ट तत्काळ लोकसभेच्या अध्यक्षांना कळवावयाची असते. तो पंतप्रधानांना द्यायचा असतो, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे.

महाभियोगाची पद्धत अनुच्छेद ६१ मध्ये आहे. संविधानाचा भंग हे त्याचे एकमेव कारण असू शकते. दोषारोप संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येतो, परंतु त्यासाठी त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सहीची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि ठराव एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो. मग दुसरे सभागृह चौकशी करते, त्या चौकशीत राष्ट्रपतींना स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडण्याचा हक्क असतो, आणि त्या सभागृहानेही एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने दोषारोप सिद्ध झाल्याचा ठराव केला की त्याच दिनांकापासून राष्ट्रपती पदच्युत होतात. आपल्या हिशेबासाठी 'त्याच दिनांकापासून' हे शब्द महत्त्वाचे आहेत: पदावधी दुसऱ्या सभागृहाच्या ठरावाच्या दिवशी तुटतो, पहिल्या सभागृहाच्या ठरावाच्या दिवशी तो तुटत नाही.

ज्या घटनांनी मुदत तुटत नाही, त्याही ओळखता यायला हव्यात. लोकसभा विसर्जित झाली, सरकार पडले किंवा पंतप्रधान बदलले, तरी राष्ट्रपतींच्या पाच वर्षांना धक्का लागत नाही. आर. वेंकटरामन यांनी १९८७ ते १९९२ या एकाच पदावधीत राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर आणि पी. व्ही. नरसिंह राव असे चार पंतप्रधान पाहिले आणि तरीही त्यांची पाच वर्षे ठरल्या दिवशीच संपली. राज्यपालांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचीही सर्वसाधारण मुदत पाच वर्षांचीच असते, पण ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतात. राष्ट्रपतींचे पद मात्र कोणाच्याही मर्जीवर टिकून नसते.

राष्ट्रपती आजारी पडले किंवा परदेशी गेले, तरीही मुदत तुटत नाही. अशा काळात त्यांची कामे उपराष्ट्रपती पार पाडतात आणि राष्ट्रपती परत आले की ती पुन्हा त्यांच्याकडे जातात. १९८२ च्या ऑक्टोबरात झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेत गेले असताना उपराष्ट्रपती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी ही कामे सांभाळली. हे दिवस झैलसिंग यांच्या पाच वर्षांतून वजा झाले नाहीत आणि त्यांत वाढवूनही मिळाले नाहीत.

पद रिकामे झाले असेल तर सहा महिने मोजा, आणि नव्या व्यक्तीला पूर्ण पाच वर्षे द्या

या साऱ्या विषयात सर्वाधिक चुका येथे होतात आणि त्यांचे कारण आपल्या सवयीत आहे. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या पोटनिवडणुका आपण वरचेवर पाहतो. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सदस्याला त्या सभागृहाचा उरलेला काळच मिळतो, म्हणून राष्ट्रपतिपदाबाबतही तसेच असणार, असे आपण धरून चालतो. अनुच्छेद ६२ स्पष्टपणे याच्या उलट सांगतो. मृत्यू, राजीनामा, पदच्युती किंवा अन्य कारणाने पद रिकामे झाले तर निवडणूक शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत पद रिकामे झाल्याच्या दिनांकापासून सहा महिन्यांच्या आत घेतली पाहिजे, आणि त्या निवडणुकीत निवडून आलेली व्यक्ती आपल्या पदग्रहणाच्या दिनांकापासून पाच वर्षांच्या पूर्ण पदावधीस पात्र असते. याचा अर्थ असा की पदावधी व्यक्तीबरोबर सुरू होतो आणि व्यक्तीबरोबर संपतो, आणि आधीच्या राष्ट्रपतींची शिल्लक पुढच्यांच्या खात्यात जमा होत नाही. माझ्या मते संविधानकारांचा हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला आहे, कारण देशाच्या सर्वोच्च पदावर दोन-अडीच वर्षांच्या उरलेल्या मुदतीपुरता राष्ट्रपती बसवला असता तर त्या पदाला उसनेपणा आला असता.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालला, हे १९६९ च्या घटनांत सर्वांत स्पष्ट दिसते. डॉ. झाकीर हुसेन यांनी १३ मे १९६७ रोजी शपथ घेतली होती आणि ३ मे १९६९ रोजी, दोन वर्षे पूर्ण होण्यास दहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी त्याच दिवशी राष्ट्रपती म्हणून कार्य करू लागले. स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची असल्यामुळे त्यांनी २० जुलै रोजी पद सोडले. आता राष्ट्रपतीही नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, अशी वेळ आली. अशा प्रसंगासाठी संसदेने त्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट असे पस्तीस दिवस राष्ट्रपतींचा कार्यभार सांभाळला. (हिदायतुल्ला यांचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले होते आणि नागपूर उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीशही होते, त्यामुळे विदर्भातील वाचकांना हे नाव परके वाटणार नाही.) निवडणूक जिंकून गिरी यांनी २४ ऑगस्ट १९६९ रोजी शपथ घेतली.

आता हिशेब करू. झाकीर हुसेन यांची पाच वर्षे मे १९७२ मध्ये भरली असती. गिरी यांना तेथवर थांबावे लागले नाही. त्यांची स्वतःची पाच वर्षे २४ ऑगस्ट १९६९ पासून सुरू झाली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये संपली. मे ते जुलै १९६९ या काळात त्यांनी जे अठ्ठ्याहत्तर दिवस कार्यवाहक म्हणून काढले होते, तेही या पाच वर्षांत धरले गेले नाहीत, कारण तेव्हा ते राष्ट्रपती म्हणून निवडून आलेले नव्हते, उपराष्ट्रपती या नात्याने ते कार्य करीत होते. कार्यवाहक काळ आणि पदावधी यांची बेरीज कधीही करू नये.

दुसरा प्रसंग १९७७ चा. फखरुद्दीन अली अहमद यांनी २४ ऑगस्ट १९७४ रोजी शपथ घेतली होती आणि ११ फेब्रुवारी १९७७ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सहा महिन्यांची मर्यादा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जात होती. उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी १६४ दिवस राष्ट्रपती म्हणून कार्य केले आणि २५ जुलै १९७७ रोजी नीलम संजीव रेड्डी यांनी शपथ घेतली. छाननीत इतर सर्वांचे अर्ज बाद झाल्यामुळे ते बिनविरोध निवडून आले होते. त्यांनाही अहमद यांची उरलेली अडीच वर्षे मिळाली नाहीत, पूर्ण पाच मिळाली.

दर पाच वर्षांनी २५ जुलै हाच दिवस का येतो, याचे उत्तर या दोन मृत्यूंत आहे. पाच वर्षांच्या नियमित पदावधींपैकी पहिल्या चारांच्या शपथविधींची तारीख १३ मे होती: १९५२, १९५७, १९६२ आणि १९६७. झाकीर हुसेन यांच्या निधनाने ती साखळी तुटली आणि २४ ऑगस्टची नवी साखळी सुरू झाली, ज्यात १९६९ आणि १९७४ असे दोनच शपथविधी झाले. अहमद यांच्या निधनाने तीही तुटली आणि २५ जुलै आला. रेड्डी यांच्यानंतर झैलसिंग, वेंकटरामन, शंकर दयाळ शर्मा, के. आर. नारायणन, ए. पी. जे. अब्दुल कलाम, प्रतिभा पाटील, प्रणव मुखर्जी, रामनाथ कोविंद आणि द्रौपदी मुर्मू अशा सर्वांनी २५ जुलै रोजीच शपथ घेतली, कारण रेड्डी यांच्यापासून कोविंद यांच्यापर्यंत प्रत्येकाने पाच वर्षे पूर्ण केली. २५ जुलै ही तारीख कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. उद्या एखादे पद मध्येच रिकामे झाले तर ती बदलेल आणि त्यापुढे नवी तारीख रूढ होईल.

अमेरिकेच्या अध्यक्षांचा नियम डोक्यात ठेवून भारताचा हिशेब करणाऱ्यांनी हा फरक विशेष ध्यानात घ्यावा. तेथे मुदत चार वर्षांची असून ती २० जानेवारीच्या दुपारी संपते आणि अध्यक्ष मध्येच गेले तर उपाध्यक्ष उरलेला काळ पूर्ण करतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाल्यावर लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६५ पर्यंतचा उरलेला काळ पूर्ण केला. तेथे तारीख स्थिर राहते आणि व्यक्ती तिच्यात बसवली जाते, तर आपल्याकडे व्यक्तीच्या शपथेनुसार तारीख सरकते.

सराव म्हणून उपराष्ट्रपतिपदाचा अलीकडचा प्रसंग घ्यावा. जगदीप धनखड यांनी ११ ऑगस्ट २०२२ रोजी पद ग्रहण केले होते आणि २१ जुलै २०२५ रोजी राजीनामा दिला. त्यांच्या जागी, तोवर महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन निवडून आले आणि त्यांनी १२ सप्टेंबर २०२५ रोजी शपथ घेतली. अनुच्छेद ६८ उपराष्ट्रपतींनाही पूर्ण पाच वर्षे देतो, म्हणून त्यांचा पदावधी ऑगस्ट २०२७ पर्यंत न धरता ११ सप्टेंबर २०३० पर्यंत धरावा. मात्र उपराष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास निवडणूक 'शक्य तितक्या लवकर' घ्यावी, एवढेच संविधान म्हणते आणि सहा महिन्यांची मर्यादा तेथे नाही. हा भेद प्रश्नपत्रिकांत वरचेवर विचारण्याजोगा आहे.

मुदत संपली आणि नवे राष्ट्रपती आलेच नाहीत, तर?

ज्या परंतुकाने मावळते राष्ट्रपती उत्तराधिकारी येईपर्यंत पदावर राहतात, त्याचा आधार घेऊन निवडणूक लांबवता येईल का, हा प्रश्न १९७४ साली खरोखरच उभा राहिला. त्या वर्षी गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली होती आणि तिचे सदस्य निर्वाचकगणात, म्हणजे राष्ट्रपतींना निवडणाऱ्या खासदार-आमदारांच्या गटात, असणार नव्हते. गुजरातमध्ये निवडणूक होईपर्यंत राष्ट्रपतिपदाची निवडणूक थांबवावी आणि तोवर गिरी यांनी पदावर राहावे, असा युक्तिवाद होत होता. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. न्यायालयाचे मत असे पडले की निवडणूक मुदत संपण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजे, एखादी विधानसभा अस्तित्वात नाही हे ती लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि निर्वाचकगणातील जागा रिकाम्या आहेत एवढ्यावरून निवडीला आव्हानही देता येत नाही. निवडणूक वेळेवर झाली आणि २४ ऑगस्ट १९७४ रोजी फखरुद्दीन अली अहमद यांनी शपथ घेतली. २०२२ मध्ये जम्मू आणि काश्मीरमध्ये विधानसभा अस्तित्वात नव्हती, तरी राष्ट्रपतिपदाची निवडणूक ठरल्याप्रमाणे पार पडली, त्यामागेही हेच तत्त्व होते.

या ठिकाणी एक बारकावा सुटू नये. मुदत संपल्यामुळे पद रिकामे होणार असेल तर उपराष्ट्रपती कार्यवाहक होत नाहीत, मावळते राष्ट्रपतीच राहतात. मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती यांनी पद रिकामे झाले तर मात्र अनुच्छेद ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती पुढे येतात. पद कोणत्या कारणाने रिकामे झाले, हे ठरवल्याशिवाय कार्यवाहक कोण, या प्रश्नाचे उत्तर देऊ नये.

पदावधी वाढवण्याची वाट संविधानात नाही. आणीबाणीत लोकसभेची मुदत संसद कायद्याने वाढवू शकते आणि १९७६ मध्ये ती वाढवलीही गेली होती. राष्ट्रपतींच्या पाच वर्षांसाठी तशी तरतूद ठेवलेली नाही.

एकच व्यक्ती पुन्हा निवडून आली, तर प्रत्येक पदावधी वेगळा मोजा

अनुच्छेद ५७ नुसार पदावर असलेली किंवा राहिलेली व्यक्ती पुन्हा निवडणुकीस पात्र असते आणि किती वेळा, याला मर्यादा नाही. प्रत्यक्षात डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याशिवाय कोणालाही दुसरा पदावधी मिळालेला नाही, आणि त्यांचा हिशेब थोडा वेगळा असल्यामुळे तो नीट पाहावा लागतो. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने त्यांना निवडले आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्यांनी पद ग्रहण केले. परंतु हा काळ संक्रमणासाठी केलेल्या अनुच्छेद ३८० खालचा होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नियमित निर्वाचकगण तयार होऊन नवे राष्ट्रपती पद ग्रहण करीपर्यंतच तो चालणार होता, म्हणून त्याला पाच वर्षांचे माप लागू नाही. त्यांची पाच वर्षांची पहिली मुदत १३ मे १९५२ पासून आणि दुसरी १३ मे १९५७ पासून मोजली जाते. १३ मे १९६२ रोजी ते पदावरून उतरले तेव्हा त्यांचा एकूण काळ बारा वर्षांहून अधिक भरला होता. दोन पदावधी म्हणजे दहा वर्षे, मग बारा कशी, असे विचारणाऱ्याला १९५० ते १९५२ हा संक्रमणाचा काळ दाखवावा.

याच कारणाने निवडणुकांचा क्रमांक आणि राष्ट्रपतींचा क्रमांक जुळत नाही. २०२२ ची निवडणूक सोळावी होती आणि मुर्मू मात्र पंधराव्या राष्ट्रपती आहेत, कारण १९५२ आणि १९५७ या दोन निवडणुकांतून एकच व्यक्ती निवडून आली. गिरी, हिदायतुल्ला आणि जत्ती यांचे कार्यवाहक काळ या क्रमांकांत धरले जात नाहीत.

निवडणुकीविरुद्धचा वाद न्यायालयात गेला तरी मुदतीची मोजणी थांबत नाही. असा वाद ऐकण्याचा अधिकार एकट्या सर्वोच्च न्यायालयाला आहे, आणि निवड रद्द ठरली तरी तोपर्यंत राष्ट्रपती म्हणून केलेली कृत्ये अवैध होत नाहीत. १९६९ च्या निवडणुकीला आव्हान दिले गेले तेव्हा गिरी पदावर असताना स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष देण्यास उपस्थित राहिले होते. त्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि त्यांची पाच वर्षे अखंड राहिली.

पुढची निवडणूक केव्हा, हे उलट मोजून काढा

पदावधीचा अखेरचा दिवस कळला की पुढच्या निवडणुकीचा काळही काढता येतो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांविषयीचा १९५२ चा कायदा सांगतो की मुदत संपण्यापूर्वीच्या साठाव्या दिवशी किंवा त्यानंतर सोयीने शक्य होईल तितक्या लवकर निवडणुकीची अधिसूचना काढावी, आणि तारखा अशा ठेवाव्यात की निवडून आलेल्या राष्ट्रपतींना मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पद ग्रहण करता येईल. उमेदवारी अर्जांसाठी अधिसूचनेनंतर चौदा दिवस, मग छाननी, मग माघारीची मुदत आणि माघारीच्या अखेरच्या दिवसानंतर किमान पंधरा दिवसांनी मतदान, असा क्रम असल्यामुळे अधिसूचनेपासून मतदानापर्यंत महिन्याहून थोडा अधिक काळ जातोच. २०२२ मध्ये अधिसूचना १५ जून रोजी निघाली, मतदान १८ जुलै रोजी आणि मतमोजणी २१ जुलै रोजी झाली.

मुर्मू यांनी पूर्ण मुदत पार पाडल्यास २४ जुलै २०२७ पासून साठ दिवस मागे जाऊन २५ मे २०२७ ही तारीख येते. त्या दिवसापासून अधिसूचना निघू शकते, मतदान आणि मतमोजणी २४ जुलैपूर्वी आटोपली पाहिजे, आणि नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलै २०२७ रोजी व्हायला हवा. त्या दिवशी रविवार आहे, पण सुट्टीचा वार या पदाच्या हिशेबात कधी आडवा आलेला नाही: गिरी यांनी १९६९ मध्ये आणि झैलसिंग यांनी १९८२ मध्ये शपथ घेतली, तेव्हाही रविवारच होता.